स, ला, ते
शालेय विषयांमध्ये ज्याच्याविषयी सहसा कोणालाही ममत्व वाटत नाही, असा विषय म्हणजे व्याकरण. इतिहासात लढाया असतात, भूगोलात नद्या-पर्वत असतात; व्याकरणात मात्र नुसते तक्ते! इंदूरच्या मराठी शाळेत आम्ही मुले 'स, ला, ते. स, ला, ना, ते' असे विभक्तीचे प्रत्यय पाढ्यांच्याच चालीवर म्हणत असू. त्यांचा आमच्या बोलण्याशी काही संबंध असेल, अशी शंकाही मनाला शिवत नसे. ज्या भाषेत आपण आईपाशी खाऊ मागतो, ती पुन्हा शिकायची कशाला, हा माझा मुख्य आक्षेप होता.

हा आक्षेप प्रथम डळमळला तो प्रयोगांच्या धड्याने. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली', 'रामाने फळ खाल्ले'. खाणारा एकच; पण क्रियापद त्याला विचारीत नाही. ते आंब्याच्या, पोळीच्या, फळाच्या मागे जाते. याला कर्मणी प्रयोग म्हणतात. नाव नवे होते, वस्तू मात्र जुनीच होती. शाळेची पायरीही न चढलेली माझी आजी हा नियम आयुष्यभर बिनचूक पाळीत आली होती. तो मास्तरांनी केलेला नव्हता. १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध करणाऱ्या दादोबा पांडुरंगांनीही नव्हे. असंख्य आज्यांच्या बोलण्यात तो आधीपासूनच नांदत होता. व्याकरणकारांनी तो निरखला आणि नोंदवला, इतकेच. हे ध्यानात आल्यावर कंटाळ्याची जागा कुतूहलाने घेतली.

आमच्या अंगणाबाहेर हिंदी होती. 'आवाज', 'देह', 'आत्मा' हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. मराठीत ते पुल्लिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी. उंबरठ्याच्या आत 'आवाज आला' आणि बाहेर 'आवाज़ आई', असे आम्ही नकळत बोलत होतो. दोन्ही बरोबर, प्रत्येक घराची रीत निराळी, एवढाच त्याचा अर्थ. व्याकरणाने ती रीत मला डोळसपणे पाहायला शिकवले.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडी आज 'आवाज आली' सहज येते. त्याचे फारसे दुःख मानू नये. परंतु हिंदीतील एकाच 'हम'साठी मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. पाहुणा दारात असताना 'आम्ही जेवायला बसतो' म्हटले, तर तो निरोप ठरतो. 'आपण जेवायला बसू' म्हटले, तर ते निमंत्रण होते. गुजरातीतील 'अमे' आणि 'आपणे', तेलुगूतील 'मेमु' आणि 'मनम्' यांतही हाच भेद आहे. तो जिभेवरून पुसला गेला, तर नुसता एक शब्द जात नाही. समोरच्या माणसाला आपल्यात सामावून घेण्याची एक रीत जाते.

म्हणून मुलांना व्याकरण शिकवताना आरंभ तक्त्यापासून न करता घरातल्या बोलण्यापासून करावा. आंबा 'खाल्ला', मग पोळी 'खाल्ली' का, असे त्यांनाच विचारावे. उत्तर त्यांच्या जिभेवर असतेच. जे जिभेला ठाऊक आहे ते बुद्धीलाही उमगले, म्हणजे माणूस कोणत्याही प्रांती राहिला तरी ते सहसा हरवत नाही.