पाण्याखालचें पातें

जी वस्तु दिसत नाहीं तिची कीर्ति होत नाहीं, हा जगाचा जुनाच न्याय आहे. तारवाची स्तुति करणारे शिडाची करतात; सुकाणूं बिचारें पाण्यांत बुडालेलें असतें. लाटेवर फळी घेऊन उभें राहण्याचा जो खेळ अलीकडे आपल्या किनाऱ्यावरही आला आहे, त्याच्या चित्रांत फळी दिसते, फेस दिसतो, खेळाडूचे पसरलेले हात दिसतात. परंतु फळीच्या पोटाला शेपटीकडे जें वीतभर पातें बसविलेलें असतें तें चित्रांत कधींच येत नाहीं. माशाला जसा पर, तसें या फळीला तें पातें. खेळणारे त्यास फिन म्हणतात, आणि त्याच्यावांचून वरची सारी शोभा आडवी पडते.

घाटावरच्या, समुद्रापासून दूर असलेल्या थेरगांवांत बसून आम्हांस या पात्याची उठाठेव कां, असें वाचक विचारतील. याचें उत्तर आमच्या गल्लींतच आहे. पवनेच्या कांठचें हें गांव आतां पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यांत पुरतें मिसळून गेलें आहे. घराच्या तळमजल्यावर यंत्रें आणि वरच्या मजल्यावर संसार, अशी येथील कित्येकांची रीत. आमच्या ओळखीच्या अशाच एका कारखान्यांत मोटारींच्या भागांचे साचे करतात. तेथें काम करणारा एक तरुण संध्याकाळीं पाळी संपल्यावर मागें राहतो आणि कांचतंतूंचीं पातीं घांसतो. मालवणास एकदां फळीवर उभा राहिला, तेव्हांपासून त्याला हा नाद लागला. “काका, हें जरा हातांत घेऊन बघा,” असें म्हणून त्यानें प्रथम जें पातें आमच्या हातीं दिलें तें इतकें गुळगुळीत होतें कीं बोट कोठें थांबेना. पुढची कड गोलसर, मागची कड निमुळती, आणि मध्यें न कळत आलेला फुगवटा. साच्यांत केंसाएवढी चूक न चालणाऱ्या गांवाचा हात त्यांत दिसत होता.

या पात्याचा इतिहास मोठा मजेचा आहे. हवाई बेटांतील लोक शतकानुशतकें बिनपात्याच्या फळीवर लाटा चढत; वळावयाचें झालें म्हणजे एक पाय पाण्यांत घालून ओढीत. १९३५ सालीं टॉम ब्लेक या अमेरिकन खेळाडूनें टाकून दिलेल्या एका मोटारबोटीचें धातूचें पातें आपल्या फळीच्या बुडाला बसविलें. तें सुमारें फूटभर लांब आणि चार इंच खोल होतें. एवढ्याशा भंगारानें खेळाचें रूप पालटलें. फळी लाटेच्या उतारावर तिरपी चालली कीं तिची शेपटी खालीं घसरूं पाहते. पात्यावर पाणी किंचित् तिरकें आलें म्हणजे त्याच्या एका बाजूस दाब वाढतो, दुसऱ्या बाजूस कमी होतो, आणि हा फरक शेपटीला जागेवर धरून ठेवतो. पक्ष्याचा पंख हवेंत जें करतो तेंच हें पातें पाण्यांत करतें. फक्त पंख आडवा, पातें उभें. पाणी हवेहून सुमारें आठशें पट जड असल्यामुळें पक्ष्यास लागतो तेवढा विस्तार येथें लागत नाहीं, तळहाताएवढ्यावर काम भागतें.

पुढें माणसाला मासा आठवला. जॉर्ज ग्रीनो नांवाच्या कॅलिफोर्नियाच्या एका कलंदरानें १९६० नंतरच्या दशकांत ट्यूना माशाच्या, म्हणजे आपल्या कोंकणी कुप्याच्या, अंगावरून पात्याचा आकार घेतला: मागें झुकलेलें, टोंकाकडे अरुंद, आणि वळणांत किंचित् लवणारें. लवण्यांतच त्याची युक्ति होती, कारण लवलेलें पातें परत सरळ होतांना फळीला पुढें ढकलतें. मग एकाचीं दोन झालीं. दोन पात्यांवर ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्‌सनें १९७९ पासून ओळीनें चार वर्षें जगज्जेतेपद मिळविलें. पण दोन पात्यांची फळी मोठ्या लाटेंत चंचल होई. तेव्हां त्याच देशाच्या सायमन अँडरसननें मध्यें तिसरें पातें घातलें आणि १९८१ सालीं बेल्स बीचची स्पर्धा जिंकून दाखविली. आज जगांतील बहुसंख्य फळ्या तीन पात्यांच्या आहेत, आणि अँडरसननें त्या कल्पनेचें पेटंट घेतलें नव्हतें. आमच्या तरुण मित्रास ही गोष्ट सांगितली तेव्हां तो हंसला. त्याचे स्वतःचे साचे कोणाच्या नांवावर विकले जातात हें त्याला माहीत होतें.

समुद्र दूर असला तरी असलें पातें आमच्या शेजारींच रोज पाण्यांत उतरतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दापोडीस पवना मुळेला मिळते, आणि तेथील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयांत सैन्याचें वल्हवण्याचें केंद्र आहे. एका माणसाची शर्यतीची नाव सुमारें आठ मीटर लांब असते, रुंदी हातभरही नसते, आणि वजन अवघें चौदा किलो. अशी काडी सरळ चालते ती शेपटीकडे तळाला चिकटविलेल्या लहानशा पात्यामुळें. नाशिक जिल्ह्यांतील तळेगांव रोही या पाण्याची वाण असलेल्या गांवचा दत्तू भोकनळ सैन्यांत येऊन याच केंद्रांत तयार झाला. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें तो तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत चौघांच्या नावेंतून त्यानें सुवर्णपदक आणलें. लहानपणीं विहिरी खणणाऱ्या हातांनीं वल्हें धरावें, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही कादंबरीहून अधिक वाटते.

आतां हेंच पातें आडवें करा. उभें पातें फळीला बाजूस जाऊं देत नाहीं. आडवें पातें तिला वर उचलतें. फळीखालीं पाऊण मीटरचा एक खांब आणि त्याच्या टोंकाला लहानसें विमान, असा हा प्रकार. त्यास हायड्रोफॉइल म्हणतात, आम्ही जलपंख म्हणूं. कल्पना नवी नव्हे. इटलीच्या एनरिको फोर्लानिनीनें १९०६ सालीं माज्जोरे सरोवरावर जलपंखांची बोट ताशीं सुमारें ६८ किलोमीटर वेगानें चालविली. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल ती पाहून भारले, आणि १९१९ च्या सप्टेंबरांत त्यांच्या व बाल्डविनच्या बोटीनें कॅनडांत ताशीं ११४ किलोमीटरचा विक्रम केला. फळीखालीं मात्र जलपंख रूढ झाला तो या शतकांत, कार्बनतंतू स्वस्त झाल्यावर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें शिडाची फळी आणि पतंगाची फळी, दोन्ही पाण्याला न टेकतां धांवल्या.

हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला कीं उचल चौपट होते. माणूस आणि फळी मिळून ऐंशी किलो धरले आणि वेग ताशीं १८ किलोमीटर, तर चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या परातीएवढें क्षेत्र त्यांस तोलूं शकतें. एकदां फळी पाण्यावेगळी झाली कीं तिचें घर्षण संपतें, लाटांचा खडखडाट संपतो, आणि अत्यंत शांततेंत मनुष्य पुढें जातो, असें म्हणतात. आम्हीं अर्थात् तें अनुभविलेलें नाहीं.

मित्रानें असा एक जलपंख करून ठेवला आहे. तो चालवावा कोठें, हाच प्रश्न आहे. आमच्याकडे केजुबाईचा बंधारा आहे, त्याच्यावर पाणी अडतें, पाहावयास विस्तीर्ण दिसतें. पण पावसाळा ओसरला कीं त्यावर जलपर्णी पसरते. बंधाऱ्याखालीं अनेकदां पांढरा फेस तरंगतो. ही वनस्पति दक्षिण अमेरिकेंतून आलेली. शहराचें सांडपाणी हें तिचें खाद्य, आणि तिच्या मुळ्यांच्या जटा पाण्यांत खोल लोंबतात. मित्र पहिलें पातें घेऊन तेथें उतरला तेव्हां चार हात जातांच मुळ्या पात्याला गुंडाळल्या आणि फळी खुंटीला बांधल्यासारखी थांबली. घरीं येऊन दोन दिवस त्याच्या पायांना खाज होती.

यावर त्यानें जी युक्ति केली ती जगांत इतरत्रही प्रसिद्ध आहे. पातें इतकें मागें झुकवावयाचें कीं गवत त्यावर न अडकतां टोंकाकडून निसटून जावें. अशा पात्याची पकड कमी होते, कारण जितकें झुकाल तितका उभा विस्तार घटतो. म्हणून त्यानें बूड रुंद केलें. तीन साचे फुकट गेले, चौथें पातें चाललें. विरळ जलपर्णींतून तो पलीकडच्या कांठास जाऊन आला, आणि त्या दिवशीं त्यानें आम्हांस चहा पाजला.

कारागिरी म्हणून आम्हीं तिची मनापासून वाखाणणी केली. परंतु चहा घशाखालीं उतरतांना एक गोष्ट टोंचत राहिली. जगांतील कारागीर वेगासाठीं पातें घडवितात, माशापासून शिकतात. आमच्या गांवचा तितकाच कुशल कारागीर घाणीला वाट देण्यासाठीं आपलें पातें वांकडें करतो. आम्ही तें बोलून दाखविलें. तो म्हणाला, “काका, नदी साफ व्हायची वाट बघत बसलों तर माझे गुडघे जातील.” यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आणि अजूनही नाहीं, पण त्याचें म्हणणें आम्हांस पटलें असेंही नाहीं. जलपर्णी दर वर्षीं काढतात, दर वर्षीं ती येते, आणि आपण सारे मागें झुकलेल्या पात्यासारखे तिच्यांतून निसटून जावयास शिकलों आहों.

जलपंखाला मात्र ही युक्ति लागू पडत नाहीं. त्याचा खांब उभा लागतो, त्याला खोल व मोकळें पाणी लागतें, आणि एक मुळी अडकली तरी वरचा मनुष्य तोंडावर पडतो. म्हणून तो कारखान्याच्या पोटमाळ्यावर जुन्या चादरींत गुंडाळलेला आहे. मालवणास नेण्यासाठीं मित्रानें चार दिवसांची रजा मागितली आहे. हातांतील साच्यांचें काम उरकलें म्हणजे नोव्हेंबरांत देऊं, असें मालकांनीं त्यास सांगितलें आहे.