वेदीवरची भाषा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेविषयी मराठीतून लिहायचे म्हटले की आधी एक प्रश्न उभा राहतो: याचा आपल्याशी संबंध काय? प्रश्न वाजवी आहे. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे तामलवाडी हे माझे गाव. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापुरातून आणि पलीकडे कर्नाटकातून पायी निघालेले भाविक आमच्या शिवेवरून तुळजापूरला जातात. मराठी आणि कन्नड यांची सरमिसळ आमच्या कानांना त्या वाटेवरच झाली. लॅटिन मात्र तेथे कधी ऐकू आली नाही. तरीही मराठी शिकवण्याच्या निमित्ताने या परिषदेचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा तिथला मुख्य वाद मला अगदी घरचा वाटला. देवाशी कोणत्या भाषेत बोलावे आणि ते कोणी ठरवावे, असा तो वाद होता.

पोप तेविसावे जॉन यांनी ११ ऑक्टोबर १९६२ रोजी परिषदेचे उद्घाटन केले. जगभरातले सुमारे अडीच हजार धर्माधिकारी रोमला जमले. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस त्यांत होते. जॉन यांचे १९६३ मध्ये निधन झाले. पुढे सहाव्या पॉल यांनी काम चालवले आणि चार सत्रांनंतर, ८ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेची सांगता झाली. सोळा दस्तऐवज तयार झाले. उद्घाटनाच्या भाषणात जॉन यांनी एक भेद स्पष्ट केला होता: श्रद्धेचा गाभा वेगळा आणि तो मांडण्याची रीत वेगळी. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा भेद ऐकताच आशय आणि अभिव्यक्ती ही जुनी जोडी आठवते, आणि त्याबरोबरच त्या जोडीविषयीची शंकाही. रीत बदलली तर गाभा तसाच राहतो का? परिषदेतल्या बहुतेक वादांच्या मुळाशी हीच शंका होती.

चर्चेला पहिला विषय आला तो उपासनाविधीचा. गंमत अशी, की लोकांच्या भाषेला वेदीवर जागा द्यावी की नाही, याची चर्चा लॅटिनमध्ये चालली होती. अनेकांना ती धड समजत नव्हती. बॉस्टनचे कार्डिनल कुशिंग यांनी तर तत्काळ भाषांतराच्या यंत्रणेचा खर्च देऊ केला होता. मेल्काइट पंथाचे कुलगुरू चौथे मॅक्सिमोस यांनी लॅटिन नाकारून मुद्दाम फ्रेंचमध्ये भाषण केले. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरांची भाषा लॅटिन कधीच नव्हती, आणि स्वतः ख्रिस्त आपल्या काळच्या लोकांच्या बोलीत बोलला होता, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

दुसऱ्या बाजूला होते कार्डिनल ओत्ताविआनी. रोमच्या त्रास्तेवेरे वस्तीतल्या एका पाववाल्याचा हा मुलगा चर्चच्या धर्मशिक्षणाचा सर्वोच्च राखणदार झाला होता. दृष्टी जवळजवळ गेलेली, त्यामुळे टिपणाशिवाय बोलत. ३० ऑक्टोबर १९६२ रोजी, इतके बदल एकदम केले तर भाविक गोंधळून जातील, असे ते कळवळून सांगत होते. ठरलेली दहा मिनिटे उलटून गेली. अध्यक्षस्थानी असलेल्या कार्डिनल आल्फ्रिंक यांनी त्यांना थांबवले, त्यांचा ध्वनिक्षेपक बंद झाला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. सुधारणेच्या बाजूने लिहिणारे हा प्रसंग चवीने सांगतात. मला त्या टाळ्या आवडत नाहीत. सुधारकांचा विजय ज्या क्षणी निश्चित होतो, त्या क्षणी त्यांनी विरोधकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

उपासनेविषयीची घटना ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाली. तिने लॅटिन हद्दपार केली नव्हती, उलट ती जपावी असेच म्हटले होते. लोकभाषांचा वापर वाढवण्याची मुभा मात्र दिली आणि तो किती वाढवावा हे ठरवण्यात त्या त्या प्रदेशाच्या धर्माधिकाऱ्यांना वाटा दिला. एकदा दार किलकिले झाल्यावर लोकांनी ते पूर्ण उघडले. काही वर्षांत जगभर मिस्सा स्थानिक भाषांत होऊ लागली.

मराठी वाचकाला या घटनाक्रमात नवल वाटू नये. केशवव्यासांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार मांडला, तेव्हा नागदेवाचार्यांनी तो नाकारला. त्याने आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बायांचे नुकसान होईल, ही त्यांची काळजी होती. धर्मग्रंथाचा अधिकारी वाचक कोण, या प्रश्नाला त्यांनी म्हातारी बाई असे उत्तर दिले, आणि हे रोमच्या सुमारे सातशे वर्षे आधी. ज्ञानदेव आणि एकनाथ यांचे उत्तर याहून निराळे नाही. आमच्या भागाला तर वरून आलेल्या भाषेचा अनुभव फार जुना नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. माझे आजोबा गणित उर्दूतून शिकले आणि हरिपाठ मराठीतून म्हणत. उर्दूवर त्यांचे प्रेम होते. शिकस्ता वळणातले कागद ते अखेरपर्यंत वाचून देत. पण हिशेब एका भाषेत आणि आळवणी दुसऱ्या भाषेत, ही वाटणी त्यांच्या पिढीने निमूट स्वीकारली होती.

अशीच एक वाटणी ख्रिस्ती मराठीच्या इतिहासातही दिसते. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले आणि त्यात मराठीची मुक्तकंठाने थोरवी गायली. कथा मराठीत चालत होती, ओवी मराठीत चालत होती. वेदी मात्र लॅटिनचीच राहिली. मिस्सा सर्वत्र लोकभाषेत होणे इष्ट नाही, असे ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्येच ठरवले होते. चारशे वर्षे मराठी अंगणात उभी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तिला गाभाऱ्यात नेले, असे म्हणता येईल.

पण कोणती मराठी? वसईच्या कुपारी समाजाच्या घरात सामवेदी बोली आहे, तिलाच कादोडी म्हणतात. लॅटिनच्या जागी जी आली ती ही बोली नव्हे, शाळेतली प्रमाण मराठी आली. म्हणजे मातृभाषेच्या नावाने आलेली भाषाही पुष्कळांना शिकावीच लागली. तामलवाडीचा माणूस म्हणून हे मला कळते. ‘चाललाव’, ‘आलाव’ म्हणणाऱ्या घरातून मी वर्गात ‘चाललो आहोत’ शिकलो. प्रत्येक सुधारणा एक पायरी खाली उतरते आणि तिथे थांबते. त्याच्या खालची पायरी पुढच्या पिढीवर सोडते.

आणि समजणे म्हणजेच सर्व काही का? आमच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी म्हणत ते संस्कृत आईला कळत नसे. परडी घेऊन आलेल्या आराधिणींची गाणी तिला अक्षरन् अक्षर कळत. डोळे दोन्ही वेळा मिटलेले असत. न कळणाऱ्या शब्दालाही एक काम असते, हे ओत्ताविआनींचे दुःख मला येथे समजते. फरक एवढाच, की आईला दोन्ही दारे उघडी होती. एकच दार ठेवून त्याला पावित्र्य म्हणणे वेगळे.

भारतात सुधारणेला दुहेरी संशयाला तोंड द्यावे लागले. १९६९ मध्ये रोमने भारतीय चर्चला बारा बदलांची परवानगी दिली. हात जोडून अभिवादन, आरती, जमिनीवर बसणे असे ते बदल होते. अनेक कॅथलिकांना त्यात हिंदूकरण दिसले, आणि अनेक हिंदूंना धर्मांतराची युक्ती. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने इतर धर्मांतले जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर न करण्याची भूमिका घेतली होती. हिंदू धर्माचाही त्यात आदराने उल्लेख आहे. तरी संशय कागदाने फिटत नाही.

तो पुन्हा दिसला आमच्याच जिल्ह्यात. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’साठी २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले लेखक. त्यांच्या निवडीला केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. संत गोरोबाकाकांचे नाव दिलेल्या नगरीत ते आले आणि असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. परिषदेनंतर घडलेल्या धर्मगुरूंच्या पिढीतले ते होते. त्या परिषदेवाचून हा मराठी लेखक असा घडता ना, असे मला वाटते.

परिषदेच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. स्त्रियांना तिसऱ्या सत्रापासून श्रोत्या म्हणून प्रवेश मिळाला, मत कधीच मिळाले नाही. संततिनियमनाचा प्रश्न सभागृहाबाहेर काढला गेला आणि १९६८ मध्ये पोपने एकट्याने त्याचे उत्तर दिले. नागदेवाचार्यांची म्हातारी बाई रोममध्ये ऐकायला बसली होती. तिला बोलू दिले नव्हते. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात तिचे स्थान कुठे आहे, हेही एकदा वर्गात विचारून पाहावे.