मुंबईच्या तीन दिवसांचा बेत

प्रवासवर्णने सामान्यतः प्रवास संपल्यावर लिहिली जातात. प्रस्तुत लेख मात्र मी निघण्यापूर्वी लिहीत आहे. लहानशा सहलीचे बरेवाईट निघण्यापूर्वीच, घरात बसून आखलेल्या कागदावर, ठरून जाते असा माझा अनुभव आहे. आणि तो अनुभव मला एकदा फार महाग पडला आहे.

आमचे बिऱ्हाड सांगलीस. घरात लहानमोठी नऊ माणसे. नाताळच्या सुट्टीत सर्वांनी मिळून मुंबई पाहावी असे दसऱ्यास ठरले, आणि बेत आखण्याचे काम साहजिकच मजकडे आले; कारण शाळेचे वेळापत्रक मी कित्येक वर्षे आखीत आलो आहे. दोन संध्याकाळी बसून मी तीन दिवसांत सतरा स्थळे बसविली. कागद माजघरात वाचून दाखविला, तेव्हा सूनबाईंनी नम्रपणे विचारले, “अप्पा, यात जेवण कुठे आहे?” मुले हसली. मीही हसलो. परंतु आमचे कुटुंब हसले नाही. ती इतकेच म्हणाली, “अहो, सासूबाईंच्या वेळचे विसरलात का?”

विसरलो नव्हतो. १९९४ सालच्या डिसेंबरात आम्ही उभयतां आईस घेऊन मुंबईस गेलो होतो. आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. सकाळी वाळकेश्वर व बाणगंगा झाली; दुपारी गिरगावच्या चौपाटीवर आलो. आई वाळूत बसली आणि पाण्याकडे पाहत राहिली. चार वाजले तसा मी घड्याळ दाखवू लागलो; कागदावर यानंतर एक वस्तुसंग्रहालय होते. ती म्हणाली, “अरे, थोडे बसू दे. सूर्य पाण्यात जाताना पाहू.” मी तिला उठविले. संग्रहालयाच्या दाराशी पोचलो तो त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी! परत चौपाटीस जावे तर अंधार पडलेला, आणि रात्रीची गाडी गाठावयाची. आईने दोष दिला नाही. पुढे दोनच वर्षांनी ती गेली. शेजारणींना मात्र ती सांगत असे, “समुद्र पाहिला हो, पण उभ्या उभ्या.”

ही आठवण निघाल्यावर मी सतरा स्थळांचा कागद फाडला आणि नवा बेत लिहावयास घेतला. वाचकांपैकी कोणी अशाच प्रवासाच्या विचारात असतील, तर त्यांस उपयोग व्हावा म्हणून तो येथे देतो.

प्रथम बंद दिवसांची चौकशी करावी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात; भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. हे दोन वार टाळूनच मी आमच्या तारखा धरल्या. दुसरी गोष्ट आरक्षणाची. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी मिळते. नाताळात गर्दी अपार, म्हणून ज्या दिवशी आरक्षण उघडले त्याच दिवशी चिरंजीवांनी महालक्ष्मी एक्सप्रेसची नऊ तिकिटे काढली. रात्री सांगलीस बसावे आणि सकाळी मुंबईस उतरावे, हे वृद्धांस व मुलांस सोयीचे. तिसरी गोष्ट, दिवसाला मुख्य स्थळ एकच. तेही शक्यतो दुपारपर्यंत आटोपावे.

पहिला दिवस. ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आपण उतरतो, ते स्वतःच पाहण्याजोगे आहे. परंतु उतरणारा सामान मोजण्यात गुंतलेला असतो. म्हणून आम्ही रस्त्यापलीकडे उभे राहून अर्धा तास ती इमारतच पाहणार. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १८७८ साली काम सुरू होऊन सुमारे दहा वर्षांत ती पुरी झाली. २००४ साली ती जागतिक वारसा ठरली. याच भागातील बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंतची चौतीस किलोमीटरची पहिली गाडी सुटली, हे मुलांस तेथेच सांगावे. पुस्तकातील साल डोळ्यांसमोर जागा दिसली म्हणजे विसरत नाही. तदनंतर उतारा, भोजन व विश्रांती. तिसऱ्या प्रहरी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावयाचे. सगळी दालने नव्हेत, फक्त शिल्पांची. त्याचे कारण दुसऱ्या दिवशी कळेल.

दुसरा दिवस घारापुरीचा. गेटवे ऑफ इंडियापासून सकाळी लाँच निघते व सुमारे तासाने बेटावर पोचते. पावसाळ्यात हा मार्ग भरवशाचा नसतो. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, हाच या ऋतूचा मोठा लाभ. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहानशी गाडी आहे; पुढे शंभरावर पायऱ्या. आमच्या वडील भगिनी आक्का यांचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी डोली करावयाची, आणि त्यात कमीपणा मानावयाचा नाही. हातात खाऊ दिसला की तेथील माकडे हिसकावून घेतात, म्हणून दशम्यांचा डबा पिशवीत राहील. ज्याला सारे त्रिमूर्ती म्हणतात ते शिल्प वस्तुतः सदाशिवाचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सुमारे अठरा फूट उंचीच्या त्या शिल्पातील आपल्या डाव्या हातचे मुख उग्र, उजव्या हातचे कोमल, आणि मधले पूर्ण शांत. अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर ही प्रकरणे मुलांस मी तेथे उभा राहून सांगणार. आदल्या दिवशी शिल्पे पाहण्याची सवय झालेली असली म्हणजे डोळा लवकर स्थिरावतो.

तिसरा दिवस मुलांचा. राणीच्या बागेत, जिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ती पेंग्विन पाहतील. मी त्यांना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती दाखवीन. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ म्हटले. पुढे तो ढासळला आणि १८६४ साली मुंबईस आणला गेला. म्हणजे आदल्या दिवशी ज्या बेटाचे नाव ऐकले, ते नाव देणारा आज भेटेल.

सकाळी आठ ते अकरा व सायंकाळी पाच ते आठ या वेळांत लोकलमध्ये मुलाबाळांसह चढू नये. २०२५ साली कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली भुयारी मेट्रो गिरगावावरून जाते. तीस उद्वाहक असल्याने आक्कांना ती बरी पडेल. धाकट्या बंधूंना दादरचा बाजार पाहावयाचा आहे. त्यांनी खुशाल जावे. कुटुंब एकत्र आहे म्हणून सर्वांनी एकाच रांगेत चालले पाहिजे असे नाही. रात्री पान एकत्र मांडले म्हणजे झाले.

एवढे लिहिल्यावर सूनबाईंनी कागद पुन्हा पाहिला. तीनही दिवशी चारनंतरचा रकाना कोरा होता. शाळेच्या वेळापत्रकात ज्यास आम्ही मोकळा तास म्हणत असू, तो प्रत्येक दिवशी मुद्दाम ठेवला आहे. पहिल्या दोन दिवशी थकलेल्यांनी निजावे, इतरांनी हिंडावे. तिसऱ्या दिवशी मात्र सर्वांनी चौपाटीवर यावयाचे. राजाबाई मनोरा, मणिभवन, टाउन हॉल, तारांगण ही सारी स्थळे या खेपेस सोडली. ती कोठे जात नाहीत.

काल आक्कांनी विचारले, “अरे, समुद्राशी किती वेळ बसायचे?” त्यांनीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. डिसेंबरअखेरीस मुंबईत सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. मी म्हटले, “आक्का, तू उठेपर्यंत.”

माजघरात लाडू वळणे सुरू आहे. माझे घड्याळ मी घरीच ठेवून जाणार आहे. गाडीची वेळ चिरंजीव पाहतील.