दोन वर्षांचे बिऱ्हाड

घर बांधावे लागते, बिऱ्हाड थाटावे लागते. घराला माणसे जीव लावतात; बिऱ्हाडाला मात्र भाडे तेवढे देतात. सन २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही फोंड्याहून लिस्बनला निघालो, तेव्हा निरोप द्यावयास आलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य होते : 'दोनच वर्षे तर काढायची!' आमच्या सौ.ना तेथील एका विद्यापीठात दोन वर्षांचे संशोधनकार्य मिळाले होते आणि त्यांच्यामागून आमचे चौघांचे बिऱ्हाड हलले होते.

उपदेश हितबुद्धीचाच होता. भांडी चारच न्या, ओळखी वाढवू नका, मांडलेले पुन्हा मोडावेच लागणार आहे. परंतु सौ.नी विमानातच वेगळा हिशेब मांडला. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहा. सहा वर्षांच्या मुलाची दोन वर्षे म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. मोठ्यांना ती काढता येतील. मुलांना ती जगावीच लागणार. तेव्हा लिस्बनचे बिऱ्हाड हे घरच समजावयाचे, असा ठराव समुद्रसपाटीपासून कित्येक हजार फुटांवर मंजूर झाला.

पोर्तुगालात माणूस प्रथम कागदावर वसतो, मग जमिनीवर. करखात्याचा नऊ आकडी क्रमांक हातात आल्यावाचून घराचा करार होत नाही, विजेची जोडणी मिळत नाही. त्यानंतर रहिवासाचा दाखला. तो 'जुंता द फ्रेगेझिया' देते. ही तेथील सर्वांत लहान स्थानिक संस्था. आपल्या ग्रामपंचायतीची शहरी बहीण म्हणावी. या दाखल्यासाठी आमच्याकडे दोन स्थानिक साक्षीदार मागण्यात आले. परक्या गावी आठ दिवसांपूर्वी आलेल्या माणसाने साक्षीदार कोठून आणावे? अखेर कोपऱ्यावरच्या पाववाल्याने एक सही केली, आणि तळमजल्यावरच्या वृद्ध बाईंनी दुसरी. ओळखी न वाढवण्याचा उपदेश असा पहिल्या पंधरवड्यातच निकालात निघाला. मुले पुढे त्या बाईंना 'अवॉ' म्हणजे आजी म्हणू लागली.

घर टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर. लिस्बनचे ऋतुमान आपल्या उलट आहे. उन्हाळा कोरडा, आणि पाऊस हिवाळ्यात. त्यामुळे श्रावणात आभाळ निरभ्र आणि पौषात पागोळ्या, ही उलथापालथ अंगवळणी पडावयास वर्ष गेले. जुन्या घरांत ऊब देणारी यंत्रणा बहुधा नसते. भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येतो. कपडे खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घालतात. ते घालण्यापूर्वी खालच्या मजल्यावरचे वाळलेले कपडे काढून झाले आहेत ना, हे पाहावयाचे, हा तेथील शेजारधर्म अवॉंनी आम्हांस पहिल्याच रविवारी शिकवला.

परंतु स्वयंपाकघर लावताना निराळेच नवल घडले. मुलांना वस्तूंची पोर्तुगीज नावे शिकवावयास बसलो, तो निम्मी नावे त्यांना येतच होती. 'शाव्ह' म्हणजे चावी, 'बाल्द' म्हणजे बादली, 'सबांव' म्हणजे साबण, 'पांव' तर पावच. बटाटा, काजू, अननस ही फळेभाज्या अमेरिकेतून पोर्तुगीज गलबतांवर चढून, नावांसकट आपल्याकडे उतरली. इस्त्री, फीत, परात, घमेले, पगार हे शब्दही त्याच वाटेने आले. कोंकणीतील जनेल आणि कुलेर तेथे खिडकीत आणि टेबलावर जशीच्या तशी भेटली. देणे एकेरीही नव्हते. तेथे आजाऱ्याला 'कांजा' नावाचे भाताचे पातळ सूप देतात. त्यात ते कोंबडी घालतात, पण शब्द मलयाळम कंजीचा, आणि वस्तू मुळात आपली पेजच. थंडीतापाने धाकटा निजला, तेव्हा अवॉंनी कोंबडीविना कांजा करून वर पाठवली. सौ.नी वाटीत लोणच्याची फोड ठेवली, आणि मुलाने फोंड्यातल्यासारखी भुरके मारीत पेज संपवली.

खाण्याचे फार अडले नाही. तेथील लोक युरोपात असूनही आवडीने भात खातात, कोथिंबीर बाजारात मुबलक मिळते. तूरडाळ, कढीलिंब, नारळ यांसाठी मार्तीं मोनिझ चौकाच्या आसपासची दक्षिण आशियाई दुकाने आहेत. सोले मात्र घरूनच नेली होती. गोव्यात पदेर सायकलचा भोंगा वाजवीत दारी येतो. तेथे 'पदरीया'त आपण जावयाचे, एवढाच फरक.

शाळेत खरा प्रश्न सोमवारचा आला. आमच्या घरी सोमवारी शिवराक. पोर्तुगीज भाषेत सोमवारास 'सेगुंदा-फेरा', म्हणजे 'दुसरा' म्हणतात. शनिवार व रविवार सोडले, तर तेथील वारांना केवळ क्रमांक आहेत. सहाव्या शतकातील ब्रागाचा बिशप मार्टिन याने परक्या देवतांची नावे वारांतून काढली, अशी परंपरा आहे. थोरलीने शिक्षिकेस सांगितले, 'दर दुसऱ्याला आम्ही मासे खात नाही.' बाईंनी कारण विचारले. मुलगी म्हणाली, 'तो आमच्या देवाचा वार आहे, तुमच्या नावात तो दिसत नाही.' सन २०१७ च्या कायद्याने तेथील सरकारी शाळांच्या भोजनगृहांत शाकाहारी पर्याय ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे शाळेने हे विनातक्रार लिहून घेतले. वाराच्या नावातून देव गेला होता. मुलीच्या ताटातून गेला नव्हता, याचे आम्हांस समाधान वाटले.

जूनमध्ये सेंट अँटनीच्या उत्सवात लिस्बनच्या गल्ल्यागल्ल्यांत 'मंजेरिकु'च्या कुंड्या विकावयास येतात. ही बारीक पानांची, गोल वाढणारी वनस्पती तुळशीच्याच गोत्रातली. तिच्याजवळ नाक नेऊन वास घ्यावयाचा नाही. तळहात अलगद वरून फिरवावा आणि तो हात हुंगावा, असा तेथील संकेत आहे. सौ.नी एक कुंडी आणून पूर्वेच्या खिडकीत ठेवली. ती तुळस नव्हे, हे आम्ही जाणून होतो, आणि तिला तुळस म्हटलेही नाही. सायंकाळी तिच्याजवळ दिवा मात्र लागत असे. हिवाळ्यात ती वाळली. पुढच्या जूनमध्ये अवॉंनीच दुसरी आणून दिली.

या अवॉ १९७५ साली मोझांबिकहून आलेल्या. ती वसाहत स्वतंत्र झाली, तेव्हा लाखो माणसे पोर्तुगालास आली. थोड्याच दिवसांत परत जाऊ, या आशेवर त्यांच्या यजमानांनी वर्षभर सामानाच्या पेट्या सोडल्याच नाहीत, असे त्या सांगत. लिस्बनच्या लुमियार भागात महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्यावर राधाकृष्णाचे मंदिर आहे. तेथे भेटणारी बहुतेक गुजराती कुटुंबेही मोझांबिकमार्गेच आलेली. त्यांच्या आरतीत उभे असता आम्हांस आमच्याच देवांची आठवण येई. इ.स. १५६० च्या सुमारास श्रीमंगेशाने कुठ्ठाळी सोडून जुवारीपलीकडे प्रियोळास बिऱ्हाड केले. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. ज्यांच्या अमलाखाली भक्तांना आपल्या देवांसह रात्री-अपरात्री नदी ओलांडावी लागली, त्यांची गलबते ज्या तेजो नदीच्या मुखातून निघत, तिच्याच काठी आज आम्ही मुलांना फिरावयास नेत होतो. इतिहास विसरण्याचे कारण नाही. पण हेही खरे, की भक्तांनी त्या वेळी 'दिवस काढण्यापुरती' पूजा केली नाही. पहिल्या दिवसापासून नैवेद्य झाला, दिवा लागला. म्हणून तर त्या बिऱ्हाडांची देवळे झाली.

आमची खरी धास्ती भाषेची होती. घरात कोंकणी, वाचावयास मराठी, हा नियम. पण धाकट्याच्या जिभेवर पोर्तुगीज भराभर चढू लागली. दर रविवारी फोंड्याला मातोश्रींना फोन होई. दुसऱ्या हिवाळ्यातील एका रविवारी खिडकीबाहेर मुसळधार पाऊस पाहून धाकटा फोनवर बोलून गेला, 'श्ता अ शुवेर!' आम्ही चपापलो. पलीकडे क्षणभर शांतता. मग आजीचा आवाज आला, 'आकी नांव.' म्हणजे 'इथे नाही.' मातोश्री १९४७ च्या. बालपणी सरकारी शाळेत त्यांना पोर्तुगीज शिकावी लागली होती. १९६१ नंतर ती भाषा त्यांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकली नव्हती. नातू आनंदाने ओरडला. आजीने त्याला चार वाक्ये बोलू दिली, आणि मग शांतपणे म्हटले, 'बरें. आतां तेंच आमच्या भाशेंत सांग.' त्याने जरा विचार करून सांगितले, 'पावस पडटा.' त्या रविवारपासून हाच त्या दोघांचा खेळ झाला. प्रत्येक वाक्य दोनदा. आमच्या नियमाने जे साधले नव्हते, ते आजीने असे साधले.

२०२४ च्या ऑगस्टात आम्ही परतलो. भांडी शेजाऱ्यांत वाटली, कुंडी अवॉंकडे ठेवली. मोडताना वाईट वाटले. वडीलधाऱ्यांनी नेमके तेच टाळावयास सांगितले होते. परंतु ज्या घरातून निघताना काहीच वाटत नाही, तेथे दोन वर्षे आपण होतो कोठे, असे विचारावे लागेल. परदेशी जाणाऱ्या तरुण जोडप्यांना आम्हीही आता उपदेश करतो; तो एवढाच, की पेट्या पहिल्याच आठवड्यात सोडा, दिवा पहिल्याच संध्याकाळी लावा, आणि शेजाऱ्याचे नाव विचारा. तो नऊ आकडी क्रमांक आजही आमच्या नावावर आहे. आणि पदेराचा भोंगा वाजला, की धाकटा पिशवी घेऊन धावताना त्याला दोन्ही भाषांत नमस्कार करतो.