मास्कसाहेब

किरणोपचार विभागातल्या फळीवर जाळीदार पांढरे चेहरे ओळीनं मांडलेले असतात. प्रत्येकावर एकेकाचं नाव. त्यांतल्या एकाची ओळख करून देतो: हे मास्कसाहेब. धाराशिवकडे किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. शेक डोक्याला असला, की आधी यांच्या तावडीत सापडावं लागतं.

जन्मतः स्वारी सपाट आणि ताठ. सुमारे ७० अंशांच्या पाण्यात बुडवली की मऊ पडते, चेहऱ्यावर ओढली की नाक, भुवई, हनुवटी पाठ करते आणि गार होताच पुन्हा ताठ. मग दुसऱ्या कुणाचं नाक तिला चालत नाही.

स्वभाव करडा. टेबलाला चाप लागले की मान हलवायची नाही. उठताना गालावर जाळीचे ठसे उमटलेले असतात. पण हा करडेपणा उगाच नाही. डोळ्याच्या नसेला वेढणारा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) किंवा तिच्याखाली वाढणारी पिट्युटरी ग्रंथीची गाठ, यांच्यात आणि नसेत मिलिमीटरांचाच हिशेब असतो.

घाईचा तिटकारा. यांचा भाऊबंद म्हणजे गॅमा नाइफ, किरणोपचाराचंच एक यंत्र. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये आणलेला. तो सुमारे दोनशे किरण एका बिंदूवर आणून बहुधा एका बैठकीत काम उरकतो. पण गाठ नसेला चिकटलेली असली, तर एवढी मात्रा एकदम नसेला सोसत नाही. तिथे मास्कसाहेबांचा संथपणा कामी येतो: ५४ ग्रे एवढी किरणांची मात्रा, तीस हप्ते, सहा आठवडे. नाव शेक असलं तरी चटका जाणवत नाही.

नेमकेपणाचा यांच्या घराण्याला अभिमान, आणि तो साधार आहे. टाटा मेमोरियलने २००१ ते २०१२ या काळात मेंदूत गाठ असलेली २०० मुलं आणि तरुण अभ्यासात घेतले. नेहमीचा शेक मिळालेल्यांपेक्षा नेमका शेक मिळालेल्यांची बुद्धी आणि संप्रेरकं पुढच्या पाच वर्षांत अधिक शाबूत राहिली.

भूम-परंड्याचा माणूस बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात दाखवून आलेला असो, की लातूर–मुंबई एक्सप्रेसनं रात्र काढून ‘टाटा’ला पोचलेला; मास्कसाहेब कुणालाच खोटा शब्द देत नाहीत. गेलेली नजर परत येईलच असं नाही. कधी सुधारते, बहुतेकदा उरलेली राखली जाते.

म्हणून चष्म्याचा नंबर बदलूनही धूसरपणा हटत नसेल, कडेनं येणारी मोटारसायकल दिसत नसेल, तर नसेची तपासणी लवकर करून घ्या. उशिरा आलेल्यालाही मास्कसाहेब तितकंच घट्ट धरतात. पण वाचवायला त्यांच्या हाती कमी उरलेलं असतं.