सुतक कुणाचं

एक कायदा मेला.

१ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी नवा कायदा अमलात आला आणि १९४६ चा परकीय नागरिक अधिनियम विझला. कुणी गोवऱ्या रचल्या नाहीत. कुणी डोकं भादरलं नाही. दिवस उगवला तसा मावळला.

युद्धाच्या वाऱ्यावर जन्मलेलं घराणं ते. १९३९ साली परक्यांची नोंदवही उघडली. १९४० साली त्यांना अडवायची, डांबायची, घालवून द्यायची मुभा आली. तोफा थंडावल्या, आणि १९४६ साली तीच मुभा कायमची वस्तीला राहिली.

त्याचं मला सुतक नाही.

मग हे काय दाटून येतंय?

तुझं असेल, माकूमच्या चिनापट्टी. तुला मी पाहिलेलं नाही. पाहायला तू उरलीच नाहीस.

वरच्या आसामात, चहाच्या हिरव्या अंधारात तू होतीस. तुझ्या पणज्यांना गोऱ्या साहेबानं चीनहून आणलं ते झुडपं जगवायला. झुडपं जगली. माणसंही रुजली. त्यांनी तिथल्याच मुलींशी लग्नं केली, तिथलीच भाषा जिभेवर घोळवली, आणि चीन हळूहळू विरत गेला. डोळ्यांच्या ठेवणीत उरला, देवापुढच्या उदबत्तीत उरला, बस्स.

नोव्हेंबर १९६२. चीनशी युद्ध पेटलेलं.

तिकडे उजेड लवकर उतरतो. चार-साडेचारलाच सावल्या उंबऱ्याशी येऊन बसतात. त्या दिवसांत त्यांच्या मागोमाग शिपाई आले.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच कायद्याला जोड देणारा वटहुकूम निघाला होता: आई, बाप, आजा, आजी, यांतलं एक जण जरी कधीकाळी शत्रूच्या देशाचं असलं, तरी पुरे. आज्याला विचारणार कसं? तो मळ्याच्या कडेला मातीत झोपलेला.

थोडे कपडे घ्या म्हणाले. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे म्हणाले.

आणि मग ती गाडी. दार्जिलिंगची, शिलाँगची, माकूमची माणसं पोटात घेऊन निघालेली, ब्रह्मपुत्रेचा ओला वास मागे टाकत, बिहारची धुळकट पहाट आणि गंगेकाठची करडी दुपार ओलांडत, जिथे थांबेल तिथे फलाटावरून दगड आणि शिव्या झेलत, खिडक्या लावून घेऊन आतल्या काळोखात लहानग्यांचे हुंदके पदराखाली दाबत, आपण कुठे चाललोय हे कुणालाच ठाऊक नसलेली, सात दिवस चालत राहिलेली, पाण्याच्या देशातून निघून वाळूच्या देशात येऊन उभी राहिलेली ती गाडी.

देवली. राजस्थान.

तारा. बराकी. डोळे मिटायला लावणारं ऊन.

त्या तळाला माणसं सांभाळायची सवय होती. इंग्रजांच्या काळात कॉम्रेड डांगे तिथेच, जयप्रकाश नारायणांचं १९४१ चं उपोषण तिथेच. पुढे सिंगापूर-मलायात पकडलेली जपानी कुटुंबंही तिथेच आणून ठेवलेली. आपल्याकडे म्हणाल तर पुरंदर. शिवरायांचं नाव घेऊन आपण ज्या गडावर चढतो, तिथे दुसऱ्या महायुद्धात जर्मन, इटालियन ठेवले होते. आणि हिटलरच्या तावडीतून जीव घेऊन पळालेले ज्यूही. गडावर धुकं उतरलं की कोण कुणाचा शत्रू ते दिसत नसणार.

देवलीत तीनेक हजार माणसं. कुणी काही महिन्यांत सुटलं. शेवटच्यांना १९६७ उजाडलं. मद्रासच्या बंदरातून जहाजं निघाली, आणि ज्यांनी चीन कधी पाहिला नव्हता अशी माणसं चीनला ‘परत’ गेली. परत! त्या एका शब्दाचा मला अजून राग येतो.

आणि देवलीत बाळं जन्मली. हो, तारांच्या आतही पाळणे हललेच. त्यातली एक, जॉय मा, मोठी होऊन सातासमुद्रापार गेली आणि आपल्या मुंबईच्या दिलीप डिसूझांबरोबर तिनं ‘द देवलीवालाज’ लिहिलं. २०२० साली. तोवर बोलणारे थोडेच उरले होते.

जे माकूमला परतले त्यांना तू भेटली नाहीस. घरं लिलावात गेलेली. तीच वाट, तेच वळण, आणि दाराशी अनोळखी आवाज.

मुंबईतही तुझी एक धाकटी बहीण होती, ती बासष्टनंतर ओसरत गेली. माझगावात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर चिनी देऊळ आहे अजून. लाल भिंतींवर दुपार तिरपी पडते. दिवा असतो. दिव्यापुढची माणसं मोजकी.

कायदा गेला म्हणतात. त्याचा अधिकार गेला नाही. थांबवायचा, कोंडायचा, हाकलायचा अधिकार नव्या कायद्यात नव्या क्रमांकानं बसला आहे. जुन्या वाड्यातला समंध नव्या इमारतीत राहायला आला, इतकंच. पण ते भांडण दुसऱ्या कुणी मांडावं. मला आज फक्त तुझ्यापाशी बसायचं आहे, आणि तू नाहीस, म्हणून तुझ्या नसण्यापाशी.

तुझी लेकरं टोरांटोला आहेत. केस पिकले. अजून हिंदी बोलतात, आसामी बोलतात. बर्फातल्या त्या शहरातून ती ओटावाला गेली, आपल्या उच्चायुक्तालयासमोर उभी राहिली. घर मागितलं नाही. वर्षं मागितली नाहीत. माफी मागा म्हणाली.

किती सरकारं आली, गेली. एकही बोललं नाही.