निळं पाखरू

हुडकेश्वर २०१३ साली नागपूर महानगरपालिकेत गेलं. त्याआधी इथं आमची वावरं होती, धुऱ्याधुऱ्यानं चिंच, बाभूळ, कडुनिंब होते. आता लेआउट आहेत. पण एक पाखरू दर हिवाळ्यात अजून येतं. आम्ही शहरात गेल्याची खबर त्याला कोणी दिलेली नाही.

चिमणीपेक्षा किंचित मोठं. नराचा रंग तांब्याच्या भांड्यावर कळक चढावा तसा निळा-हिरवा, चोचीपासून डोळ्यापर्यंत काळी रेघ. मादी जरा फिकी. पुस्तकात ते माशीमारांच्या कुळातलं. इंग्रजीत व्हर्डिटर फ्लायकॅचर. व्हर्डिटर हे तांब्यापासून केलेल्या एका रंगाचंच नाव. माय नुसतं ‘निळं पाखरू’ म्हणायची.

उन्हाळ्यात त्याचं बिऱ्हाड हिमालयाच्या जंगलात. दरडीच्या कपारीत शेवाळाचं घरटं करतं. थंडीत खाली उतरतं, ते पार आपल्या मुलखापर्यंत. झाडाच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या तारेवर बसतं, उडती माशी हवेतच धरतं, पुन्हा येऊन बसतं. ज्वारी-तांदूळ टाकून ते अंगणात येत नाही. त्याला किडे पाहिजेत, अन् किड्यांना झाड.

बाबा गेल्यावर हिस्से पडले. धुऱ्यावरची मोठी चिंच नेमकी विकायच्या जागेत आली. घेणाऱ्याला मोकळी जमीन पाहिजे होती. दादाच्या पोरीचं लग्न तोंडावर होतं. तो म्हणाला, “माय, एका झाडापायी सौदा मोडते.” त्याचंही खोटं नव्हतं.

माय म्हणाली, “सौदा कर बाप्पा. पण चिंचेखालची जागा माह्या हिश्शात धर.”

बाराशे फूट वगळले. तेवढे पैसे तिच्या वाट्यातून कमी झाले. दादा वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही.

माय जाऊन आता काही वर्षं झाली. रिकाम्या प्लॉटचा कर मी भरतो. पाला टाकीत पडतो म्हणून शेजारी कुरकुरतात, तर मीच वर चढून टाकी साफ करून देतो. जागेचा भाव विचारायला दलाल येतात, चहा पिऊन जातात.

अन् दिवाळी सरली की दादा नातीला घेऊन येतो. चिंचेखाली उभा राहून, मान वर करून मलाच विचारतो, “आलं काय रे निळं पाखरू?”